दोन बोल्ट

४ तारीख, शुक्रवार

बारकीचा फोन आला. मी कामावर होते, एका आजोबांच्या कवळीला पॉलिश करत होते. दोन्ही हात पांढरे, फोन खांद्यात धरला.

"ताई, गाडीचे पुढचे फोर्क गळतायत गं. उजवा जास्तच. सील बदलायला हवेत, तेलही. तू करशील?"

"तुझा मिस्त्री कुठे गेला?"

"त्याला वेळ नाही."

"आणि मला आहे."

"तसं नाही गं. तू आधी केलंयस ना."

केलंय. याच गाडीचं, ती माझी होती तेव्हा. पगारातून स्वतः घेतलेली डर्ट बाइक. सहा वर्षांपूर्वी तिच्यावरून पडले, मनगट मोडलं, आत धातूची पट्टी बसली. बाबा म्हणाले, गाडी पडून पडून गंजेल, बारकी चालवेल. मी प्लास्टरमध्ये होते. म्हटलं, ने. एवढंच बोलले होते. एक शब्द.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आता तेवीस. गेल्या वर्षभरात चार शर्यती जिंकली. तेराला मोठी शर्यत आहे.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते मलाच कळलं नाही. नाही म्हटलं असतं तर बाबांच्या कानावर गेलं असतं, म्हणून असेल.

६ तारीख, रविवार

सकाळी गाडी आली. मिस्त्रीच्या टेम्पोतून. मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस, बारकीची गाडी तोच बघतो. वेळ नाही म्हणे, आणि गाडी पोचवायला बरा वेळ मिळाला. माझ्या मागच्या पडवीत उभा राहून सगळीकडे नजर फिरवली. भिंतीवर टांगलेले पाने बघितले. म्हणाला, "काही लागलं तर सांगा, ताई."

काय लागणार आहे मला? अक्कल?

बारकीने सीलच्या दोन जोड्या आणल्यात. लागते एक. "असू दे, लागलीच तर," म्हणाली. म्हणजे एक मी वाया घालवणार हे धरूनच आली. तेलाचा नवा डबाही आहे.

मग ती जाईना. खोक्यावर बसून राहिली. "मी थांबू का? पाने काढून देत जाईन. पूर्वी द्यायचे तसे."

मी म्हटलं, "नको. गर्दी होते."

पडवीत आम्ही दोघीच होतो, मिस्त्री केव्हाच टेम्पोत जाऊन बसला होता. ती उठली, हँडलवरून हात फिरवला आणि गेली. शर्यत जवळ आली की लोकांना वेळ नसतो, हिला बसून राहायला वेळ आहे. जिंकणाऱ्यांचं सगळंच वेगळं.

आई गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. हिच्या वेण्या मी घालायचे, डबा मी भरायचे. आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे आणि रस्त्यात लोक मला विचारतात, तुम्ही बारकीची बहीण ना?

७ तारीख, सोमवार

कामावरून आले आणि लगेच हात घातला. गाडी स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी. फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, वरची झाकणं आधी थोडी सैल केली, कारण नळ्या गाडीतून निघाल्या की ती सैल करायला पकडच मिळत नाही. हे मला आठवलं. हाताला आठवलं, डोक्याला नव्हे. चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर, चकती पकडणारा तो जड ठोकळा, सोडवून तारेने बांधून ठेवला, नाहीतर त्याचं सगळं वजन ब्रेकच्या नळीवर येतं. मग क्लॅम्प सैल केले आणि एकेक फोर्क पिळत पिळत खाली ओढला.

तेल ओतलं. काळं, चिकट, कुजलेल्या माशासारखा वास. दोन फोर्कचं मिळून लिटरभर घाण. नळी वरखाली करत राहिले तरी शेवटपर्यंत थोडं थोडं येतच होतं.

उजव्या नळीवर एक बारीक चरा सापडला. नखाला लागत होता. याच्यामुळेच सील फाटलं. दगड उडून लागलेला. म्हणजे गाडी जोरात जाते, दगड जोरात लागतो. माझ्या वेळी पाच वर्षांत एक चरा नव्हता. तेव्हा मला याचा अभिमान होता. आज वाटलं, चरा पडण्याइतकी मी कधी गेलेच नाही.

बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून तासभर घासला. दातांवर काम करते, मिलिमीटरचा दहावा भाग मला बोटाने कळतो. आता नखाला काही लागत नाही. हे मिस्त्रीला जमलं असतं का कोण जाणे.

८ तारीख, मंगळवार

एक सील फुकट गेलं. नळीच्या तोंडाशी कडा असते, सरकवताना तिच्यावर सीलची ओठासारखी पातळ किनार कापली गेली. पिशवी चढवायला विसरले होते. मग ब्रेडची प्लास्टिक पिशवी नळीवर चढवली, तेल लावलं, दुसरं सील लोण्यातून गेल्यासारखं गेलं.

तर दुसरी जोडी लागली. बारकीचं बरोबर निघालं. तिला सांगणार नाही. फाटलेलं सील कचऱ्यात तळाशी घातलं, वरून कांद्याची सालं.

९ तारीख, बुधवार

आज जोडणी. अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सील आत ठोकायला खास हत्यार मिळतं, माझ्याकडे नाही. प्लंबिंगचा पाइप उभा चिरून नळीभोवती बसवला आणि हातोडीने हलके हलके. सील जागेवर बसलं की आवाज बदलतो, बद्द होतो. मग क्लिप, मग धुळीची टोपी. नवं तेल ओतलं, हवा निघेपर्यंत दांडा वरखाली केला. वरच्या कडेपासून तेल बरोबर एकशेवीस मिलिमीटर खाली, दोन्हीकडे सारखं. तीनतीनदा मोजलं. स्प्रिंग, झाकण. फोर्क गाडीत चढवले, क्लॅम्प टॉर्क पान्याने आवळले. चाक चढवलं, आस आवळला. कॅलिपर जागेवर बसवून त्याचे दोन्ही बोल्ट हाताने लावले. पाना घ्यायला वळले तेवढ्यात बाबांचा फोन.

"अगं, पेपरवाल्यांना बारकीचा गाडीवरचा पहिला फोटो हवाय. तुझ्याकडे आहे बघ, ती लहान असतानाचा. लगेच पाठव, थांबलेत ते."

कुठला फोटो ते मला माहीत होतं. मी गाडी धरून उभी आहे आणि बारा वर्षांची बारकी वर बसलीय, पाय लोंबकळतायत.

मी म्हटलं, "त्यात मी पण आहे, बाबा."

"असू दे गं. तू कडेला आहेस. ते कापून घेतील."

पाठवला. काय करणार? पाठवला आणि तिथेच खोक्यावर बसून राहिले. कडेला. गाडी माझी, फोटो मी टायमर लावून काढलेला, तिचा शर्ट मी इस्त्री केलेला. आणि मी कडेला.

उठले. हत्यारं पुसून भिंतीवर टांगली, लादी धुतली, जुनं तेल डब्यात भरून झाकण लावलं. काम संपलं. बारकीला मेसेज केला, सकाळी ने.

१० तारीख, गुरुवार

सकाळी टेम्पोतून घेऊन गेली. पुढचा ब्रेक धरून फोर्क दोनतीनदा दाबले, डोळे मिटून. "मस्त झालंय, ताई." मग म्हणाली, "शनिवारी सराव आहे. येतेस? नुसतं बघायला."

"कवळ्या थांबल्यात," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. पण तो पाडायलाच मी बोलले होते, तर तक्रार नाही.

संध्याकाळी घरी आले, चहा टाकला आणि एकदम हाताला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. ब्रेकचे बोल्ट आवळतानाचा जोर हाताला आठवेना. क्लॅम्पचा आठवतो, आसाचा आठवतो. ही वही काढून कालचं पान वाचलं. लिहिलंय: दोन्ही बोल्ट हाताने लावले. पाना घ्यायला वळले. पुढे फोन, फोटो, लादी. आवळल्याचं कुठेच नाही.

नुसते हाताने लावलेले बोल्ट हादऱ्यांनी पाच मिनिटांत निघतात. कॅलिपर सुटून चाकात अडकला तर गाडी जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. हे मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी मी कशी पुढे गेले तेही मला आठवतं.

फोन हातात घेतला. मग वाटलं, ती मिस्त्रीला सांगणार. मिस्त्री काही बोलणार नाही, नुसती मान हलवेल. बाबा म्हणतील, मी म्हटलंच होतं मिस्त्रीकडे दे. शनिवारपर्यंत ती गाडीवर बसत नाही. वेळ आहे. उद्या सकाळी करते.

११ तारीख, शुक्रवार

सकाळी केला नाही. दुपारी केला नाही.

पेपरात फोटो आलाय. खरंच कापलंय. बारकीच्या गुडघ्याशी हँडल धरलेली चार बोटं दिसतात, ती माझी. दातांच्या प्रयोगशाळेतली सगळी तो फोटो बघून माझं अभिनंदन करत होती. मी पेढे वाटल्यासारखी हसत होते.

इथे कुणी बघायला नाही, तेव्हा खरं लिहिते. आज दिवसभर मी ती पडल्याचा विचार केला. मरावी असं नाही, देवा, तसलं काही नाही. हात मोडावा असंही नाही. गुडघा खरचटावा. शर्यत हुकावी. एकदा तिला घरी बसावं लागावं आणि लोकांनी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यावं. मग मी तिला सूप करून देईन, वेणी घालीन, चांगली वागेन. मला तेव्हा चांगलं वागता येतं.

कॅलिपर कधी गुडघा खरचटून सोडत नाही. हे कळत असून मी दोन तास सूपाचा विचार करत होते.

सात वाजता फोन लावला. दोन रिंग वाजल्या. उचलायच्या आत मीच बंद केला. तिने उलटा फोन केला नाही. एरवी करते. मला बरं वाटलं.

१२ तारीख, शनिवार

पहाटे उठून पहिली बस धरली. सराव आठला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी परत बंद केला असता, माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

बस स्टॉपपासून मैदान दोन किलोमीटर. अर्धं चालले, अर्धं पळाले. पोचले तेव्हा इंजिनं सुरू होती. बारकी हेल्मेट घालून रांगेत दुसरी. मी कुंपणाखालून वाकून गेले, कुणीतरी ओरडलं, आणि जाऊन तिचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"उतर. ब्रेकचे बोल्ट. मी आवळले नाहीत."

रांगेतले सगळे बघत होते. मिस्त्री धावत आला. मी त्यालाही तेच सांगितलं, मोठ्याने, कारण इंजिनांचा आवाज होता. तो खाली बसला, खिशातून पाना काढला, एक बोल्ट बघितला, दुसरा बघितला.

"पक्के आहेत, ताई."

"असं कसं?"

"आहेत ना. हे बघा." पान्यावर जोर देऊन दाखवला. बोल्ट हलला नाही. उठताना मातीचे हात झटकत म्हणाला, "सील मात्र फार सुरेख बसवलेत तुम्ही. नळीवरचा चराही काढलात. मी करतो म्हटलं होतं हिला, दोन दिवस रिकामाच होतो. पण ऐकेना. ताईच करणार म्हणाली."

मी बारकीकडे बघितलं. हेल्मेटमधून नुसते डोळे दिसतात.

"गुरुवारी घरी नेल्या नेल्या आवळले मी," ती म्हणाली. "आता बाजूला हो. माझी पाळी आहे."

आणि गेली. पहिल्याच उंचवट्यावरून उडाली, खाली आली, फोर्क आत गेले आणि सावकाश, जसे यायला हवेत तसे, वर आले. काम खरंच चांगलं झालं होतं. मी कुंपणाशी उभी राहून अख्खा तास बघितलं.

सराव संपल्यावर ती पाण्याच्या टाकीशी तोंड धूत होती. मी गेले.

"गुरुवारीच कळलं होतं तर सांगितलं का नाहीस?"

तिने तोंड पुसलं. "तू सांगतेस का ते बघत होते."

मी वाहता नळ बंद केला. ती म्हणाली, "काल फोन वाजला तेव्हा मी धावत आले. तोवर बंद झाला." आणि हेल्मेट उचलून निघून गेली.

१३ तारीख, रविवार

शर्यत. बारकी चौथी आली. तिसऱ्या फेरीत वळणावर मागचं चाक घसरलं, तिथे तीन जण पुढे गेले. त्याचा माझ्याशी काही संबंध नाही. तरी दिवसभर मी संबंध शोधत होते. फोर्कवर तेलाचा थेंब नव्हता, मी वाकून बोट फिरवून बघितलं.

ती हरली तर मला आनंद होईल असं वाटायचं. झाला. अर्धा मिनिट. मग ती एकटी गाडी ढकलत येताना दिसली आणि तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

बाबांना तिथेच सगळं सांगितलं. बोल्ट, दोन दिवस, फोन. बाबा म्हणाले, "अगं पण घट्ट होते ना शेवटी? मग कशाला उगाळतेस?" आणि बारकीसाठी पाण्याची बाटली घेऊन गेले. मला माफी नको होती, निदान रागवायला तरी हवं होतं.

बारकी माझ्याशी बोलली नाही. कामापुरतंही नाही.

१६ तारीख, बुधवार

संध्याकाळी दार वाजलं. बारकी. गुडघ्यापर्यंत चिखल. सरावावरून थेट आली होती. शर्यतीचे बूट दारात काढले, मोज्यांवरच आत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच पाणी प्यायली.

मी पोळ्या लाटत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"शुक्रवारीच का नाही सांगितलंस?"

मी लाटणं खाली ठेवलं. खोटं बोलायची तयारी होती, खूप काम होतं वगैरे. पण चार दिवस तेच तेच घोळवून थकले होते.

"तू पडावीस असं वाटत होतं. थोडीशी. गुडघा खरचटेल इतकी."

तव्यावरची पोळी करपायला लागली, तिने हात लांब करून गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"तू गाडी नेलीस तेव्हापासून."

"तूच ने म्हणालीस."

"हो."

"मग परत मागायची होतीस. मी दिली असती."

"तीच तर अडचण आहे," मी म्हटलं. "तू दिली असतीस. हसत दिली असतीस. बाबांनी सगळ्यांना सांगितलं असतं, बघा आमची बारकी कशी आहे."

"म्हणजे मी आता काय करू? वाईट वागू?"

"जमलं तर."

मला वाटलं ती चिडेल. ती ओट्यावरच्या पिठात बोटाने रेघा मारत राहिली. मग म्हणाली, "मी गुरुवारी सकाळीच तुला सांगू शकले असते. एक फोन. पण नाही सांगितलं. तुला मागाहून आठवणार आणि तू दोन दिवस तडफडणार हे माहीत होतं. शुक्रवारी रात्री जेवताना मला हसायला येत होतं. खरंच. म्हटलं, भोग आता."

"आणि फोन वाजला तेव्हा धावत आलीस ते?"

"धावत आले ना. पण नंतर उलटा केला नाही."

"ते वाईटच होतं," मी म्हटलं.

"होतं."

"बरं मग."

करपलेली पोळी तिने दोन तुकडे करून एक मला दिला. उभ्या उभ्या खाल्ली. मी विचारलं, मिस्त्री रिकामा असताना माझ्याकडे का आणलीस गाडी. ती म्हणाली, "तू सहा वर्षांत एकदाही तिच्याजवळ आली नाहीस. मला वाटलं, खोललीस तर आठवेल तरी." मग मोज्याकडे बघत म्हणाली, "आणि मला पाने द्यायला बसायचं होतं. तू म्हणालीस गर्दी होते."

तेव्हा मी काय समजले होते, ते सहा तारखेच्या पानावर लिहिलेलं आहे. परत वाचलं नाही.

जाताना म्हणाली, "रविवारी मैदान रिकामं असतं. ये. बघायला नको, चालवायला ये." मी म्हटलं, माझ्याकडे कपडे नाहीत, बूट नाहीत, मनगट धड वळत नाही, लोक हसतील. तिने सगळं ऐकून घेतलं, वाद घातला नाही, दारात वाकली आणि माझी चप्पल पायात सरकवून निघून गेली. मी मागून ओरडले तरी वळून बघितलं नाही.

तिचे बूट दारातच आहेत. चिखल वाळला तसा ब्रशने काढला, बकल पुसले, आत कागद कोंबून ओल काढली. मग पायात घालून बघितले. मला मोठे होतात, दोन नंबरांनी. मोज्यांच्या दोन जोड्या घातल्या तर बसतात.